आजीचं मॅथेसन

हॅलिफॅक्स, ४ मे १९७४

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

आजोबा-आजींच्या थडग्याचा फोटो मिळाला. जुलैत आमच्या मॅक्कॉरन कुलमंडळाचे लोक घेऊन स्कॉटलंडला येतोय, सगळे कुळाच्या चौकडी कापडाचा किल्ट कमरेला गुंडाळून. खुद्द कुलप्रमुख तिथे फुलं वाहणार आहेत. पण दगडावर आजीचं आडनाव मॅथेसन कसं? दोघांचं लग्नच झालं नव्हतं, असं लोक म्हणतील. मॅथेसन खोडून मॅक्कॉरन कोरायला तिथल्या पाथरवटाला कळवलंय. कुलप्रमुखांच्या रक्ताला शोभायला हवं ना! मंडळाचा अध्यक्ष आहे मी, माझी लाज राख.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा भाचा,
लॉर्न

स्ट्रॅथकारा, १३ मे

चि. लॉर्न यास,
आत्याचे आशीर्वाद (नाइलाजाने).

पाथरवट छिन्नी घेऊन आला होता. मी दगडाला टेकून विणत बसले, हलले नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो म्हणाला.

अरे दीडशहाण्या, आमच्याकडे बाईच्या दगडावर तिचं माहेरचंच नाव जातं. तुझ्या त्या घागरेवाल्यांत एकालाही हे ठाऊक नाही? मग मंडळात करता काय, बिस्किटं खाता?

आणि रक्त कसलं डोंबलाचं! आपला मूळपुरुष साधा विणकर. उपासमारीच्या साली कुलप्रमुखाने सांगितलं, माझं नाव लावेल त्याला पोतंभर ओटचं पीठ. त्याने लावलं. पुढे त्याच घराण्याला माणसांपेक्षा मेंढ्या प्याऱ्या झाल्या, तेव्हा आपली छपरं जाळून अर्ध्या लोकांना देशाबाहेर धाडायला जहाजात कोंबलं. त्यांचं कापड कमरेला गुंडाळून तू मिरवतोस, मला शिसारी येते.

माझ्या आईचं स्वतःचं असं तेवढंच एक होतं. ते खोडलंस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

चिडलेली, तरी तुझीच,
एफी आत्या

हॅलिफॅक्स, २४ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाथरवटाला नको म्हणून तार केली. मंडळात पिठाच्या पोत्याचं सांगितलं, तर अध्यक्षांनी असलं बोलू नये म्हणाले. अध्यक्षपद सोडलं. जुलैत एकटाच येईन, साध्या पॅंटमध्ये.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. इथे बाबांच्या दगडावर तिची जागा राखून ठेवलीय, ‘मिसेस हेक्टर मॅक्कॉरन’ असं आधीच कोरून. मीच कोरून घेतलं होतं, तिला न विचारता. पत्र ऐकून तिने विचारलं, ते खोडून तिथे ब्रिजिट थेरिओ कोरता येईल का.

रागासकट माया असू दे.
लॉर्न