हळद लावलेला बांगडा

बुधवार, संध्याकाळ

आज नववीला माशाचे कल्ले दाखवायचे होते. देवबागच्या तन्वीला म्हटलं होतं, घरून एक बांगडा आण. तिने डबा उघडला तर काय, बांगडा धुतलेला, कल्ले काढून टाकलेले, वर हळद-मीठ चोळलेलं!

"आवशीन साफ करून दिल्यान. बाईंका येणा नाय, म्हणता."

वर्ग हसला. चिडणार होते, पण मलाही हसू आलं. मी साताऱ्याची, मला मासा साफ करता येत नाही, हे तिच्या आईपर्यंत पोचलं कसं? कल्ले शेवटी फळ्यावर काढले, ते कंगव्यासारखे दिसले.

बांगडा घरी तळून खाल्ला. उद्या बजावायलाच हवं, कल्ल्यांसकट आण. पण त्याला हळद लावलेली नसेल, याचं आत्तापासूनच वाईट वाटतंय.