वायफायची तक्रार आणि अप्पांची तंद्री

सोलापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वच्छलाअक्का हिच्या चरणी धाकट्या सिदूचा, गुडघे कुरकुरत असतानाही पुरता वाकून केलेला नमस्कार.

आम्ही तिघंही बरे आहोत. गड्ड्याची जत्रा यंदाही धुळीने माखून पाहिली. ऋतुजा आकाशपाळण्यात बसली आणि मी खाली उभा राहून तिच्या चपला सांभाळल्या. रत्नाने तुझ्यासाठी बाजरीच्या पिठाचा डबा भरून ठेवलाय. मोहोळला येणारं कुणी भेटलं की धाडते.

आता एक गंभीर तक्रार ऐक. गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी एक पाहुणा मुक्कामाला आहे. वर्ण काळा, डोक्यावर चार शिंगं, डोळे हिरवे. जेवत नाही, पण दरमहा दक्षिणा घेतो. त्या बदल्यात त्याने फक्त माझा आवाज माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायचा. एवढंही त्या महात्म्याच्याने होत नाही. लोक त्याला राउटर म्हणतात. मी त्याला 'आयुष्मान' म्हणतो, कारण पोरीसमोर शिव्या देता येत नाहीत.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी मी दहावीच्या मुलांचा ऑनलाइन संस्कृतचा वर्ग घेतो, हे तुला ठाऊकच आहे. त्यांना ओढ संस्कृतची नाही, शंभरपैकी शंभराची आहे. मीही मनावर घेत नाही. तर होतं काय, की मी विभक्ती सांगत असतो आणि एकाएकी सगळी पोरं ओरडायला लागतात, "सर, ऐकू येतंय का? सर, तुम्ही फ्रीझ झाला होता!" माझ्याकडे काहीच झालेलं नसतं. मी तृतीया सांगत होतो, अजून तृतीयाच सांगतोय, पुढचा शब्द जिभेवर तयार आहे. मधला तुकडा कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखा.

मागे एकदा तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर तेच झालं. तू विचारत होतीस, "ए सिदू, ऐकतोस ना? का बायकोला घाबरून गप्प बसलास?" आणि मी सगळं खापर नेटवर फोडलं.

उपाय काय कमी केले? पहिला संशय शेजारच्या यंत्रमागांवर घेतला. शेजारी हसले आणि म्हणाले, "माग तर महिनाभर बंद आहेत, मास्तर." मग कंपनीचा माणूस बोलावला. बाळासो त्याचं नाव. आला तो आयुष्मानाकडे बघून कपाळाला हात लावत.

"सर, ह्यो लोखंडी कपाटावर, त्यात भांड्यांच्या मागं कुणी ठिवलाय? त्यो बिचारा बोलणार कुणाशी? पातेल्यांशी?"

"धूळ बसू नये म्हणून ठेवला," रत्ना म्हणाली.

"वैनी, धूळ बसू द्या की. त्याला मोकळी हवा लागती."

मग आयुष्मानाची घरभर वरात निघाली. खिडकीत ठेवला तर बाळासो म्हणाला निम्मं नेट रस्त्यावर जातंय. फ्रिजवर ठेवला तर तिथेही पत्राच. शेवटी घराच्या मधोमध, दाराच्या चौकटीवर फळी ठोकून त्याला आसन दिलं. आता येता-जाता सगळ्यांची मान आपोआप झुकते, कारण फळी डोक्याला लागते. बाळासोने असंही सांगितलं की त्याच्यातून दोन वाटा निघतात, एक हळू पण लांब जाणारी, दुसरी वेगवान पण भिंतीला घाबरणारी. माझ्या खोलीच्या भिंती दगडी, म्हणून त्याने सरळ वायर ओढून कॉम्प्युटरला जोडली. वर्गाच्या वेळात ऋतुजाच्या मोबाइलला बंदी घातली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग वेग मोजला. ज्या वेगाचे पैसे भरतो, त्याहून जास्तच निघाला.

"लाइन एक नंबर हाय सर. आता अडकलं तर तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय म्हणायचं."

मी शाळेतला नवा लॅपटॉप मागून आणला. आणि त्याच संध्याकाळी पोरं ओरडली, "सर, सर!"

मी चिडलो. बाळासोला फोन लावला. तो म्हणाला, "पुरावा पाठवा, मी वरच्या सायबाला दावतो." म्हणून मी वर्गात विचारलं, कुणाकडे रेकॉर्डिंग आहे का. माढ्याची राजनंदिनी, अतिशय कामसू मुलगी, तिने अडकल्याचा तेवढाच भाग पाठवला. सोबत लिहिलं होतं, "सर, तब्येत बरी आहे ना?" मला वाटलं, हल्लीच्या मुलांची लिहायची पद्धत.

अक्का, इथपर्यंत मी गंमत करत आलो. आता जमेल तसं सांगतो.

त्या चित्रात मी खुर्चीवर बसलोय. हात वर, बोट उगारलेलं, नजर कुठेतरी बाजूला. गप्प. ओठ मात्र बारीकसे हलतायत, काही चघळत असल्यासारखे. मी म्हटलं, बघा, अडकलंय चित्र. तेवढ्यात मागच्या दारातून रत्ना आत आली. तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, खुंटीवरचा टॉवेल घेतला, बाहेर गेली. चित्र नीट चालू होतं. तिचं चालणं, चहाची वाफ, सगळं. फक्त मी चालू नव्हतो. मग मुलांच्या हाका, आणि मी एकदम उरलेली तृतीया म्हणायला लागलो.

मला पहिल्यांदा वाटलं रेकॉर्डिंगच खराब आहे. बघ, माणूस किती चिवट असतो. पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. तो चहा मी प्यायलो होतो, हे मला आठवतं. रत्ना खोलीत येऊन गेली, हे आठवत नाही. हाकाही आठवत नाहीत, शेवटची एक सोडून.

बाळासोला अजून पुरावा पाठवलेला नाही. तो रोज फोन करतो. रत्नाला काही बोललो नाही. घर एवढं लहान की फोनवर तुझ्याशी बोललो असतो तर तिने ऐकलं असतं, म्हणून हे पत्र.

आता जे विचारायचंय ते. अप्पा सकाळी पूजेला बसायचे, इष्टलिंग डाव्या तळहातावर, नजर त्याच्यावर. मधेच मंत्र थांबायचा. आई आपल्याला दटावायची, "हाक मारू नका, अप्पांची तंद्री लागलीय." गावातले हरिबाकाका लांबूनच हात जोडायचे. आपल्या घराला त्या तंद्रीचा केवढा मान होता! मी तर शाळेत पोरांना अप्पांचं उदाहरण द्यायचो, एकाग्रता कशाला म्हणतात ते सांगताना.

पण शेवटची वर्षं ते तुझ्याकडे होते. पूजा नसतानाही ते थांबायचे का? जेवताना, घास हातात धरून? एकदा तू सांगितलं होतंस की मोहोळच्या हायवेवर ते मधोमध उभे राहिले आणि तुमच्या शेजारच्या धनाजीने त्यांना दंडाला धरून ओढून आणलं. आपण त्यावर हसलो होतो. "अप्पांना ट्रकमध्येसुद्धा शिव दिसला," असं मीच म्हणालो होतो. तेव्हा त्यांचे ओठ हलत होते का, अक्का? भानावर आल्यावर त्यांना कळायचं का, की आपण थांबलो होतो? आपण कधी डॉक्टरला विचारलंच नाही. देवाजवळ बसलेल्या माणसाचं डॉक्टरला काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं.

कदाचित हे काहीच नसेल. झोप कमी पडत असेल. कदाचित अप्पांची खरोखरच तंद्री लागत असेल आणि माझं हे दुसरंच काही असेल. मला काही कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ सांगत आलो आणि या एका गोष्टीचा अर्थ लावता येत नाही.

रोज सकाळी ऋतुजाला स्कूटरवर मागे बसवून मी शाळेत सोडतो. मागच्या आठवड्यात सात रस्त्याच्या चौकात ती मागून म्हणाली, "पप्पा, सिग्नल सुटलाय की, चला ना." सिग्नलला सगळेच थांबतात. मी सिग्नलसाठी थांबलो होतो की त्या चित्रातल्यासारखा हरवलो होतो, ते मला सांगता येत नाही. आणि तिला विचारायचा धीर होत नाही.

दोन दिवस झाले, गाडी काढलेली नाही. प्लग गेलाय म्हणून सांगितलं. ती रिक्षाने जाते आणि मला चिडवते, की पप्पांना थंडी वाजते.

पत्र मिळालं की ये. रत्नाला तू सांग, आणि डॉक्टरकडे माझ्यासोबत चल. अप्पांचं कसं होतं ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. अक्का, पोर मागे बसलेली असताना मी तिथे नसेन, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
सिदू