त्रेचाळीस पॅकेजं आणि एक किल्ली

मी, गुरुशांत महादेवप्पा कलशेट्टी, वय एकसष्ट, तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला सहायक, राहणार जुळे सोलापूर, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. उलट घरातले "कशाला हे अभद्र" म्हणत पेन काढून घ्यायच्या बेतात आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलंच, आणि लवकर उरकायचं आहे, कारण समोर संगणकाच्या पडद्यावर तीन अपडेट येऊन पडली आहेत.

कागदावर खाडाखोड आहे ती माझीच. प्रत्येक ठिकाणी गु. म. क. अशी आद्याक्षरं घातली आहेत.

कलम १. जुळे सोलापुरातला फ्लॅट, त्यातलं सगळं सामानसुमान आणि बँकेत जे काही मागे राहील ते माझी पत्नी सौ. सिद्धेश्वरी हिचं. तिच्यानंतर मुलगी सौ. महेश्वरी हिचं. यात भांडायला कोणी नाही. सिद्धेश्वरीला फ्लॅट विकून हुबळीला मुलीकडे जायचं असेल तर तिने खुशाल जावं. फक्त गच्चीवर गेलेली माझी इंटरनेटची वायर आधी उतरवून घ्यावी, नवीन मालक ती कापून टाकेल.

(इथे उठलो होतो. एका पॅकेजाची बांधणी, म्हणजे काय ते कलम ४ मध्ये येईल, मध्येच अडकली होती, ती पुन्हा चालू करून आलो. सिद्धेश्वरी म्हणाली, "री, साकु आता, पुरे! मरणाचा कागद लिहिताय ना? मग बसा की एका जागी. डॉक्टरनं काय सांगितलंय?" डॉक्टरने जिने चढू नका असं सांगितलं आहे. खोल्यांमधून फिरू नका असं सांगितलेलं नाही.)

कलम २. हत्यारं. स्क्रूड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, सोल्डरगन आणि सुट्या केबलींचे दोन डबे माझा मावसभाऊ बसू याला द्यावेत. बसू अक्कलकोटला लग्नपत्रिका छापतो आणि प्रिंटर बिघडला की चमच्याच्या दांडीने उघडतो. निदान माझ्यामागे तरी त्याने नीट हत्यार वापरावं. पुढे कलम ५ मध्ये त्याचं नाव पुन्हा येईल. त्यात त्याचा काही दोष नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

कलम ३. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष श्री. रावसाहेब माने यांच्याविषयी. बेडरूमच्या कपाटात माझं पॅकेजं बांधणारं यंत्र, म्हणजे एक संगणकच, आहे. ते चोवीस तास घरघरतं आणि त्याचा आवाज भिंतीपलीकडे रावसाहेबांच्या देवघरात जातो. त्यांनी मला आजवर सहा लेखी नोटिसा दिल्या. एकदा जिन्याला रंग द्यायचा म्हणून न विचारता मेन स्विच पाडला आणि माझी अकरा तासांची बांधणी पाण्यात गेली. ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही. तरी माझ्यामागे ते यंत्र या घरातून जाईल आणि त्यानंतर जी शांतता होईल, ती मी रावसाहेबांना बक्षीस देतो. दुसरं काही देत नाही.

कलम ४. आता खरी मालमत्ता. हिचा उतारा कुठल्याही कार्यालयात मिळायचा नाही, म्हणून समजावून लिहितो.

जगभरच्या माणसांनी मिळून केलेली एक खुली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, फुकट वापरावी. पण नुसत्या तिच्यावर कोणाचं भागत नाही. लिहायला, छापायला, हिशेब करायला बाहेरच्या लोकांनी केलेले प्रोग्राम लागतात. ते आणायचे, आमच्या सिस्टीमवर नीट बसतील असे दुरुस्त करायचे, बांधायचे, त्यावर आपली डिजिटल सही उमटवायची आणि सोडायचे. असं बांधून सोडलेलं म्हणजे पॅकेज. हे काम एकदा करून सुटका होत नाही. मूळ करणाऱ्याने काही बदललं, कुठे बाहेरच्याला आत शिरता येईल असं भोक सापडलं, की पुन्हा आणा, पुन्हा बांधा. अशी त्रेचाळीस पॅकेजं मी एकोणीस वर्षं सांभाळतो आहे. वहीत मी त्यांना नंबर दिलेत. प्रत्येक पॅकेजात एक ओळ असते: सांभाळणारा, आणि पुढे नाव. त्रेचाळीस ठिकाणी माझं नाव आहे.

याचा पगार नाही. मानपान नाही. महेश्वरीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलं तेव्हा मी आत एकवीस नंबर बांधत होतो, हे ती अजून ऐकवते. पण नऊ नंबर मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं त्याच्यावर आपली पत्रं ऐकतात. ती कुठल्या गावची, कोण, मला माहीत नाही. नऊ नंबर नादुरुस्त झालं की मात्र त्यांचे निरोप येतात आणि मला जेवण जात नाही.

सहीची किल्ली टेबलाच्या खणात, पांढऱ्या पेनड्राइव्हमध्ये आहे. ती एका परवलीच्या वाक्यानेच उघडते आणि ते वाक्य फक्त माझ्या डोक्यात आहे. शुक्रवारी भूल दिल्यावर मी उठलो नाही तर वाक्यही उठणार नाही. मग त्रेचाळीसांपैकी एकालाही अपडेट मिळणार नाही, कारण सही नसलेलं पॅकेज लोकांचे संगणक घेतच नाहीत. भोकं तशीच उघडी राहतील. सोमवारपासून मला याच्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

कलम ५. हे कलम मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता फाडणार नाही.

रत्नदीप शिवशरण प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली लागला तेव्हा पंचवीसचा होता. हे काम त्याला मीच शिकवलं. पुढे आम्ही वाटणी केली: सुरक्षेची अपडेट त्याने पाहायची, कुठली आवृत्ती बांधायची ती नोंद त्याने बदलायची, बांधणी आणि सही माझ्या घरच्या यंत्रावर. सात वर्षं कुरबुर न होता चाललं.

२०१९ च्या लग्नसराईत सतरा नंबरची, म्हणजे अक्षरांची मांडणी करणाऱ्या पॅकेजाची, नवी आवृत्ती आली. बसूचा फोन आला. त्याच्या पत्रिकांवर वर कानडी आणि खाली मराठी असतं. नव्या आवृत्तीत कानडी जोडाक्षरं फुटायला लागली होती. "गुरुअण्णा, नवरीचं नावच तुटतंय की, लोक मला मारतील!" मी माझ्या यंत्रात एक ओळ घातली: सतरा जुनंच बांधावं. आठ दिवसांसाठी. लग्नसराई संपली, बसूने दुसरी सोय केली, आणि ती ओळ काढायची मी विसरलो.

पाच महिने. तेवढ्यात सतरामध्ये मोठं भोक सापडलं. रत्नदीपने त्याच दिवशी नोंद बदलली. त्याच्याकडून सगळं चोख झालं. पण माझं यंत्र त्या ओळीपायी जुनंच बांधत राहिलं, आणि त्यावर माझी सही होत राहिली. त्या भोकातून शिरून कोणीतरी लांबच्या देशातल्या एका गावचं वाचनालय बंद पाडलं. अकरा दिवस तिथे कोणाला पुस्तक मिळालं नाही.

आमच्या टपालयादीवर, म्हणजे जिथे जगभरचे सांभाळणारे एकमेकांना पत्रं लिहितात तिथे, विचारणा झाली: या पॅकेजाची सुरक्षा कोण पाहत होतं? मी लिहिलं, "माझा सहकारी." खोटं नव्हतं. लोकांनी त्याला धारेवर धरलं: नोंद बदललीस, पण पॅकेज बाहेर पडलं का ते पाहिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मला यंत्रातली ती ओळ दिसली. मी ती पुसली. कोणाला सांगितलं नाही. मग "शिस्त म्हणून" त्रेचाळीस पॅकेजांतून रत्नदीपचं नाव काढलं. तेही माझ्याच हाताने.

मी भ्यालो होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि त्या यादीवर माझं जे नाव होतं तेवढंच माझ्यापाशी होतं. रत्नदीपने एका शब्दानेही जाब विचारला नाही. महिन्याभराने त्याने तंत्रनिकेतन सोडलं आणि एका बँकेच्या संगणक विभागात लागला. मला लाज वाटते. सहा वर्षं वाटते आहे. मी जो सारखा उठतो, फिरतो, यंत्र पाहून येतो, ते त्या दिवसापासून.

कलम ६. ~~सहीची किल्ली, परवलीचं वाक्य (बंद पाकिटात), कपाटातलं यंत्र आणि नंबरांची वही माझ्या मृत्यूनंतर श्री. रत्नदीप शिवशरण यांना द्यावी. कलम ५ टपालयादीवर जसंच्या तसं प्रसिद्ध करावं.~~ रद्द. गु. म. क.

हे कलम मंगळवारी लिहिलं. साक्षीदारांचं विचारायला पायलताई वकिलांना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, ज्याला काही देताय त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. उद्या कोणी बोट ठेवलं तर निस्तरत बसावं लागतं." मग दुसरा फोन रत्नदीपला लावला. सहा वर्षांत नंबर बदललेला नव्हता. "बोला सर," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ये.

कलम ७. आज बुधवार. रत्नदीप चारला आला. कानापाशी केस पिकलेत. मी बस म्हटलं, तो बसला नाही. कलम ५ आणि ६ त्याच्या हातात दिली. त्याने उभ्याने वाचली, मग कलम ५ पुन्हा वाचलं. तेवढ्यात मी दोनदा आत जाऊन यंत्र पाहून आलो.

"मला ठाऊक होतं, सर," तो म्हणाला. "माझी नोंद बरोबर होती. तरी जुनंच बाहेर पडतंय म्हंजे यंत्रातच कायतरी हाय. आणि यंत्र तुमच्या घरात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघत होतो की."

मी पुन्हा यंत्राकडे निघालो होतो, पण थांबलो. खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

त्याने कलम ६ वर बोट ठेवलं. "हे तुमी गेल्यावर लागू होणार, व्हय?"

"मृत्युपत्र आहे रे."

"आणि शुक्रवारी सगळं झ्याक झालं तर? तुमी धडधाकट घरी येणार. मग हा कागद कपाटात, आणि माझं नाव पण कपाटात. म्हंजे माझं नाव साफ व्हायला मी तुमच्या मरणाची वाट बघत बसू? हे मला न्हाय जमायचं, सर. लई वंगाळ वाटतं ते."

सिद्धेश्वरी चहा घेऊन दारात उभी होती. सतरा नंबरचं तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातात कप देत म्हणाली, "हौदु. बरोबर बोलतोय तो."

मी टेबलाशी बसलो आणि टपालयादीला पत्र लिहिलं. चौदा ओळी झाल्या. सतरा नंबर, माझ्या यंत्रातली ती ओळ, तिसऱ्या दिवशी केलेली लपवाछपवी, सगळं. पाठवायचं बटण दाबलं. मग त्रेचाळीस पॅकेजांत सांभाळणाऱ्याचं नाव बदललं, माझ्या जागी रत्नदीपचं घातलं. पंचविसाव्यापाशी दम लागला, उरलेली रत्नदीपने बदलली. शेवटी किल्ली त्याच्यासमोर ठेवली आणि परवलीचं वाक्य सांगितलं. त्याने ते लगेच बदलायला घेतलं.

"तिकडं तोंड करा, सर," म्हणाला. वाक्य घालताना कोणी पाहू नये, हे त्याला मीच शिकवलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

किल्ली आता माझी नाही. नवीन वाक्य मला माहीत नाही. यंत्र सहाच्या सुमारास रिक्षातून रत्नदीपच्या घरी गेलं, वहीसकट; ते ठेवून तो साक्षीसाठी परत यायचा आहे. पडद्यावरची तीन अपडेट तशीच होती, ती मी लावलेली नाहीत. हे कलम लिहिताना चारदा उठून बेडरूमपर्यंत गेलो आणि चारदा रिकामं कपाट पाहून परत आलो. सिद्धेश्वरी म्हणते, "घर लई शांत वाटतंय हो." मला झोप लागेल असं वाटत नाही, पण आज त्याची भीती वाटत नाही.

त्यामुळे कलम ६ रद्द. कलम ३ मधली शांतता रावसाहेबांना आजच पोचली, म्हणून तेही रद्द. बाकीची कलमं कायम. कलम ५ मी जगलो तरी खरं आहे आणि मेलो तरी खरं आहे. ते कोणीही, घरच्यांनीसुद्धा, माझ्या नावाच्या काळजीपोटी गाळू नये.

या कागदातून आता ज्यांना काही मिळायचं नाही अशा दोघांना साक्षीला बोलावलं. त्यांच्यासमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: जुळे सोलापूर
दिनांक: १० डिसेंबर २०२५

(सही)
गुरुशांत महादेवप्पा कलशेट्टी

साक्षीदार:

१. (सही) रावसाहेब विठोबा माने
व्यवसाय: निवृत्त. "आवाज बंद झाल्याची खात्री केली. ऑपरेशन नीट होवो."

२. (सही) रत्नदीप अशोक शिवशरण
व्यवसाय: ~~बँक नोकरी~~ सांभाळणारा. र. अ. शि.