नकली मणक्याचं नाव

२ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस, पायांचे तुकडे पडले, पण मजा आली! हाडांची घनता मोजायचं यंत्र आता माझ्या ताब्यात. मोठ्या डॉक्टरांनी चहा पाजून दोन कपाटं दाखवली. डावं 'जन्मजात': आईबापांकडून आलेला ठिसूळपणा, रांगत्या वयातच मोडणारी हाडं. उजवं 'नंतर जडलेले': म्हातारपण, अंथरुणाला खिळणं, वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या. उजव्या कपाटातलं दुखणं माणसाबरोबर संपतं, डाव्यातलं पुढच्या पिढीत जातं, असं ते म्हणाले.

रोज सकाळी आधी नकली मणका मोजायचा. प्लास्टिकचाच तो, आकडा रोज शंभर आला की यंत्र ठीक. नावाच्या रकान्यात फक्त 'रिकामं' लिहायचं, असं सिस्टरांनी बजावलं. माझ्या जिभेला हाड नाही, तसं बोटांनाही नसावं. गमतीत लेकीचं लाडाचं नाव टाकलं. चिमणी, वय नऊ. शंभर आले.

खणात आधीच्या बाईंचं सामान होतं, त्यात लहान मुलाचा एकच मोजा. कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी
सत्त्याण्णव. प्लास्टिकला काय धाड भरली? दुरुस्तीवाल्याने दिवसभर खटपट केली, यंत्र ठणठणीत आहे म्हणाला, वर मलाच झोप घ्यायचा सल्ला देऊन गेला. सिस्टरांना नावाचं बोलले नाही. उगाच बोलणी कोण खाणार!

९ फेब्रुवारी
ब्याण्णव. चिमणीने दप्तर उचललं आणि मनगट मोडलं. नुसतं दप्तर! प्लास्टरवर तिने शाईने चिमणी काढली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला असा त्रास आहे का. मी नाही म्हटलं. आईची हाडं तर शेवटपर्यंत लोखंडासारखी होती.

११ फेब्रुवारी
अठ्ठ्याऐंशी. सिस्टरांना सगळं सांगितलं. नाव आता पुसता येत नाही, फक्त बदलता येतं, म्हणाल्या. एकदा माणूस दिला की यंत्राला माणूसच लागतो. आधीच्या बाईंनी शेवटी स्वतःचं नाव दिलं होतं. त्या गेल्या, तेव्हाच रकाना रिकामा झाला.
विचार कसला करायचा? मी माझं नाव दिलं. उजवं कपाट. माझ्याबरोबर संपेल.

१२ फेब्रुवारी
ऐंशी. शिंकले आणि बरगडी मोडली. पण चिमणीचं मनगट दुखायचं थांबलंय, सकाळपासून गाणी म्हणतेय. मला भीती वाटते. तरी आनंदात आहे.

१४ फेब्रुवारी
एकसष्ट. चादर ओढताना करंगळी मोडली. माझी फाइल तयार झाली, मी स्वतः ती उजव्या कपाटात ठेवली. आधीच्या बाईंना मूलबाळ होतं का, असं सिस्टरांना विचारलं. नव्हतं म्हणाल्या. मग खणातला तो मोजा—

१५ फेब्रुवारी
फाइल डाव्या कपाटात. मी उजवीकडे ठेवली. दुपारी पुन्हा डावीकडे. तिच्याखाली दुसरी, नवी, पातळ — चिमणी, वय नऊ. आत लिहिलेलं: घरात आणखी कोणाला? — आईला.
तिला वाचवायला माझं नाव दिलं आणि त्यामुळेच — मीच दिलं तिला. मी.

१६ फेब्रुवारी
चौतीस. उजवा हात गेला. डाव्याने लिहितेय.
यंत्रात एक रकाना आहे. अपत्य. तिथे 'नाही' लिहिलं तर दुखण्याला पुढे जायला वाटच उरणार नाही —
लिहिलं.
पातळ फाइल नाहीशी झाली! सुटली पोर, देवा, सुटली.
शाळेत फोन केला, तिला घरी पाठवा म्हणून. बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी आमच्याकडे कधीच —

सिस्टरांनी घरी सोडलं. एकच ताट. एकच उशी.
पलंगाखाली एक प्लास्टर, मनगटाएवढं, इवलंसं. त्यावर शाईने पाखरू काढलंय. इथे लहान मूल कोणाचं —

वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझंच. पानोपानी एकच नाव. ही चिमणी कोण, आणि मी इतकी का रड