खंडेनवमीचा लाल बाटला

चिंचणी,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप मारुतीमामांस,

भाचा प्रफुल्लचा साष्टांग नमस्कार. पालघरच्या नव्या घरात झोप लागते ना? (तीस वर्षं फायर ब्रिगेडात घंटेवर उठलेल्या माणसाला शांतता बाधते, असं मामी म्हणत होती.) इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे खोप सोडून.

पत्रास कारण की, गावच्या अग्निशमन पथकाच्या यादीतून माझं नाव काढावं. तुम्ही तीन रविवार घसा कोरडा करून आम्हा स्वयंसेवकांना शिकवलंत. त्या शिकवणीचं मी काय केलं, ते गावाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

पथकाचा आग विझवायचा लाल बाटला आमच्या चिकूच्या वाडीत असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खंडेनवमीला चिकू भरायच्या खोपीत कोयता, कुदळ, फवारणीचा पंप अशी पूजा मांडली. बाटल्याला मानाने मधोमध बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. (हार घसरू नये म्हणून पिनेपाशी सात गाठी मारल्या. गाठी मला छान येतात, हे तुमचंच सर्टिफिकेट.) गुडघ्याच्या ऑपरेशनपासून अण्णा खोपीतच बाजेवर पडून असतात, म्हणून पूजा त्यांच्या डोळ्यांसमोर. मी कापूर लावला, आरतीला डोळे मिटले आणि उघडले तेव्हा खोक्यांसाठी आणलेला पेंढा पेटला होता.

बाटला हाताशी नव्हता असं नाही. पण पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी चक्क हात जोडून उभा राहिलो. मग देवाची क्षमा मागून उचलावा असं ठरवलं, क्षमा मागितली, तर गाठी सुटेनात आणि पिन ओढता येईना. कोयत्याने दोरा कापावा, तर कोयताही पूजेतला. तेवढ्यात स्वाती धावत आली. (तुमच्या या भाचेसुनेने तुमचा एकही रविवार ऐकलेला नाही.) मला बाजूला सारून तिने चिकू धुवायच्या टाकीत गोणपाट बुडवलं आणि पेंढ्यावर आपटत सुटली. मी मात्र पळालो. दोन खोकी आणि छपराचा कोपरा गेला, बाकी खोप तिने वाचवली. मामा, मी फार घाबरलो होतो. असला माणूस पथकात ठेवून गावाला काय उपयोग? माझं नाव खोडा आणि तिथे स्वातीचं घाला.

मामीला नमस्कार.

आपला,
प्रफुल्ल

ता. क. स्वातीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, "पळालात ते अण्णांना पाठीवर घेऊन पळालात, ते का नाय लिवलं? तुमी नसाल तर मी बी नाय जायची पथकात."

आणखी ता. क. पाठीवर घेतलं हे खरं. पण वारा कुठून वाहतोय ते न बघता मी त्यांना नेऊन बसवलं ते नेमकं धुरात. ते अजून खोकताहेत आणि खोकत खोकत गावभर सांगताहेत की, पोराने वाचवलं. तेव्हा नाव काढू नका, स्वातीच्या खाली असू द्या. येत्या रविवारी या आणि वाऱ्याचा धडा तेवढा मला पुन्हा शिकवा. अण्णांसमोर नको.