मयुरीच्या फीचा कागद

सक्करदरा, नागपूर

प्रिय मयुरी,

सप्रेम जयभीम. चार महिन्यांत तुझा फोन नाही आणि मला करायची हिंमत नाही. उभा जन्म पोस्टात गेला, म्हणून पत्र लिहितो. विहारात येणाऱ्या चंपतरावांकडे तू त्यांच्या केसची वकिलीची फी मागितलीस, तेव्हा विहारातल्या चार लोकांसमोर मी तुला म्हणालो, आपल्याच माणसांना लुटतेस का. तू सामान उचललंस आणि मनीषनगरला, ऑफिसच्या वरच्या खोलीत राहायला गेलीस. तुझी आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी मुकाट्याने जेवतो.

चूक माझी होती, हे मागच्या सोमवारी कळलं. शेजारच्या सखूबाईंच्या खोलीला त्यांच्या दिराने कुलूप लावलंय, म्हणून त्यांना घेऊन मीच तुझ्या ऑफिसला आलो होतो. आत यायचं धाडस झालं नाही. बाहेर बाकावर बसलो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. तू आधी त्यांना पाणी दिलंस. मग एका कागदावर लिहीत, वाचून दाखवत गेलीस: आगाऊ रक्कम एवढी, त्यात नोटीस आणि दावा दाखल करणं आलं, स्टॅम्प, टायपिंग वेगळं, त्याची पावती मिळेल, कोर्टातल्या प्रत्येक पेशीचे, म्हणजे तारखेचे, एवढे, नोटिशीवरच दीर वठणीवर आला तर उरलेले पैसे परत, अपिलात जावं लागलं तर तेव्हा नव्याने बोलू. सखूबाई म्हणाल्या, जिंकल्यावर खोलीतला हिस्साच घे. तू हसून म्हणालीस, मावशी, वकिलाला तसं घेता येत नाही. आणि वकीलपत्रावर सहीची घाई केली नाहीस. कागद घरी न्या, कुणाकडून तरी वाचून घ्या, पटलं तर या, म्हणालीस.

परतताना ऑटोत सखूबाई म्हणाल्या, "प्रेमानंदभाऊ, पोरगी पैसे घेऊन राहिली, पण कायचे ते सांगून राहिली. मले आजवर कोनी असं बसवून सांगितलं नाही गा." खरं सांगतो, तुझा इतका अभिमान मला तुझ्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता. दोन वर्षं मी विहारात सांगत फिरलो की मयुरी आपलीच आहे, पैशाचं काय घेऊन बसलात. तुझी फी मी परस्पर माफ करत होतो आणि वर स्वतःला मोठा समाजसेवक समजत होतो. ऑफिसचं भाडं तू कशातून भरतेस, हे एकदाही विचारलं नाही.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. हुडकेश्वरचा आपला प्लॉट लेआउटवाल्याने आणखी एकाला विकलाय. माझ्या निवृत्तीचा सगळा पैसा त्यात आहे. दोन वर्षांपासून केस सुरू आहे, एका ओळखीच्या वयस्क वकिलाकडे. ओळखीत फी कशी विचारायची, म्हणून विचारली नाही. दर पेशीला ते 'द्या काहीतरी' म्हणतात आणि मी देतो. कागद नाही, पावती नाही. तुझ्याकडे का आलो नाही? लोकांची कामं तू फुकटात करावीस असं मला वाटायचं, पण माझं काम तुला झेपेल असं वाटलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. काल त्यांच्याकडून फाइल आणि दुसरा वकील लावायला ना-हरकत, दोन्ही घेऊन आलो. पुढची पेशी सतरा तारखेला आहे. केस घेशील का? तुझा फीचा कागद पाठव, बाप म्हणून एक रुपया सोडू नकोस. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. माफी मात्र मी केसशी बांधून मागत नाही. रविवारी विहारात त्याच चार लोकांसमोर मागून झाली. तुझ्यासमोर मागायची राहिली आहे.

तुझाच,
बाबा