डोक्यावरचं इमान

सांताक्रूझ, मुंबई
४ ऑगस्ट १९८१

माय,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा आहो. आसगावचं धानाचं रोवणं आटोपलं काय?

माही खोली विमानतळाले लागून आहे. रातभर डोक्यावरून इमानं जातात, फळीवरचे भांडे वाजतात. मी 'इमान' म्हटलं का इथले लोकं हासतात, म्हणतात विमान म्हण.

जरासा बीपी वाढला म्हणून डॉक्टरकडे गेलो. मोठा शहाणा. दंडाले पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, तितक्यात वरून इमान गेलं. त्याले ठोकेच आयकू येईनात. पुन्हा हवा भरली, पुन्हा इमान. शेवटी चिडून मले म्हणते, "घरचं लोणचं खाता का? बंद करा." मी म्हटलं, साहेब, आवाजानं झोप येत नाही. तर म्हणते, "सवय होईल." मग त्याले काहून नाही झाली?

तुह्या लोणच्यावर आळ घेते, बेकूब. हासणाऱ्यायले हासू दे. इथं इमान डोक्यावरूनच जाते, माणसात उतरत नाही.

लोणचं धाडजो. दिवाळीले आल्यावर मी मोठ्यानं बोललो, तर भांडून राहिला समजू नको. इथं तसंच बोला लागते.

तुहा,
नावाचा तरी खुशाल